टेबलावरची मोटर आणि अठरा अँपिअर

अकोल्याच्या जुन्या शहरात चाचांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर उघडायची, आतलं तांबं कापून काढायचं आणि नवी तार भरायची, हे मी त्यांच्याच हाताखाली शिकले. शेतीचे ते वाईट दिवस. विहिरींत पाणी कमी आणि विजेच्या लाइनला दाब कमी, त्यामुळे पंपाच्या मोटरी ढिगानं जळून यायच्या. आलेली मोटर जळालेलीच असणार, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तपासायच्या आधीच हात छिन्नीकडे जायचा.

पुढे चाचांची नजर अधू झाली, बोटं थरथरू लागली. त्यातच रस्त्यावर बॅटरीच्या रिक्षा आल्या. मी अमरावतीला जाऊन त्यांचं काम शिकले, लॅपटॉप घेऊन परतले, तर चाचा म्हणाले, "या गाड्यायचं मले काई समजत नाई बेटा. ईद झाली का मी घरीच बसतो." मला ते मुळीच नको होतं. पण तसं सांगायचं सोडून मी लॅपटॉपचा तोरा मिरवत राहिले.

ईदच्या आदल्या आठवड्यात एक रिक्षा आली. सुरू केली की हिसके द्यायची आणि बंद पडायची. रिक्षाला जोडलेला लॅपटॉप म्हणे, मोटरचा करंट जास्त. जळली, मी जाहीर करून टाकलं. मोटर उतरवली, उघडली, तांब्यावर छिन्नी टेकवून हातोडी उचलली.

चाचांनी माझं मनगट धरलं. वाकून वास घेतला. "जळका वास येऊन नाई राह्यला."

"लॅपटॉप सांगून राह्यला ना चाचा. तुमच्या नाकापेक्षा त्याले जास्त समजते."

ते रागावले नाहीत. "मंग रिक्षाची चावी फिरव. पाहू काय म्हन्ते थो."

मोटर टेबलावर, तिच्या तारा सुटलेल्या. तरी पडद्यावर अठरा अँपिअर.

"मोटर तं अथी पडून हाये," चाचा हळूच म्हणाले. "मंग थो कोनाचा करंट मोजून राह्यला?"

माझं तोंड उतरलं. मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरच्या डब्यात, तारेभोवती बसवलेला करंट मोजणारा सेन्सर खोटं बोलत होता. मोटर धडधाकट होती आणि मी ती कापायला निघाले होते. सेन्सर बदलल्यावर पडद्यावर शून्य आलं. मोटर पुन्हा चढवली आणि रिक्षा गुमान चालू लागली. मी चाचांची माफी मागितली. ते नुसते हसले. ईदनंतर येईन, असं मात्र काही म्हणाले नाहीत.

ईद झाली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मी रस्त्याकडे बघत बसले. दहाच्या सुमारास चाचा आले. आपल्या गादीवर बसले नाहीत. शिकायला यायचे तेव्हा मी ज्यावर बसायचे, ते बुटकं स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

"थो सेन्सर खोटं कायले बोलते, सांग मले," ते म्हणाले. "सावकाश सांग. बुढा मानूस आहो मी."

मी खणात तो काढून ठेवलेला सेन्सर शोधू लागले. चाचा वाट पाहत बसून राहिले. माझं चुकायचं तेव्हाही ते असेच बसायचे.