कामतघरात देवराईचा अशोक

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी रंगूबाई भोईर यंत्रमागांच्या वस्तीत, कामतघरच्या आपल्या चाळीमागे बसून काळ्या पिशव्यांतल्या रोपांभोवतीचा कापूस चिमटीने उचलत होत्या. कापसाखाली पांढरी बुरशी होती. काल एक रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं होतं. आज आणखी दोन झाली.

रोपं सीतेच्या अशोकाची. सोसायट्यांच्या कुंपणाला उभा असतो तो सरळसोट अशोक वेगळा. हा जंगलातला, बारमाही हिरवा, खोडाफांद्यांवर नारिंगी फुलांचे घोस धरणारा. बी रंगूबाईंच्या माहेरच्या देवराईतलं, अंबाडी गावापासून आत असलेल्या खेड्यातलं. तिथला नेम असा, की राईतलं वाळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. राईतली करवंदं घरी आणणाऱ्या चुलतभावाला ताप आला आणि तो उतरलाच नाही, हे रंगूबाईंनी लहानपणी पाहिलं आहे.

या उन्हाळ्यात चोरांनी राईतल्या या अशोकाची साल औषधासाठी खोडाभोवती पूर्ण सोलून नेली. असं झाड हळूहळू मरतं. तरी त्याने शेंगा धरल्या. अशोकाचं बी साठवून टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं. पावसाळ्यात माहेरी गेलेल्या रंगूबाईंनी मूठभर बिया पदराच्या गाठीत बांधल्या. राईची पूजा त्यांचा भाऊ लडकू करतो. त्याला त्या काही बोलल्या नाहीत.

बी रात्रभर भिजवलं. माती, रेती आणि शेणखत मिसळून पिशव्या भरल्या, बी बोटाच्या पेराएवढं खोल ठेवलं, पिशव्या भिंतीच्या सावलीत मांडल्या. कोंब आले. मग ओल टिकावी म्हणून, गावाकडे पेंढा घालतात तसा, त्यांनी मागाच्या कारखान्याबाहेर पडलेला सुताचा कचरा अंथरला. कामतघरात पेंढा मिळत नाही. सूत दारोदार मिळतं.

मुलगा भूपेश सायझिंग कारखान्यातली रातपाळी करून आला तेव्हा त्या तिथेच बसल्या होत्या.

"आये, भूत बघितलंस काय?"

"देव कोपला रं. राईतलं उचललं, त्याचं फल देतोय."

भूपेशने कापूस बोटांत चोळला. "खळ हाय यात. मागावर सूत तुटू नये म्हणून आमीच पाजतो ती. पिठाची खळ ओली ऱ्हायली तर बुरशी येनार, न्हायतर काय मोगरा फुलनार?"

त्याने सगळा कचरा काढला, मेलेली रोपं मातीसकट लांब टाकली, उरलेल्या पिशव्या वारा लागेल अशा सुट्ट्या ठेवल्या. चार रोपं राहिली.

कारण रंगूबाईंना पटलं. भीती गेली नाही. "खळ मीच घातली ना? ती बुद्धी मना कोनी दिली?"

भूपेशने हात धुतले. तो झोपायला गेला. रंगूबाईंनी लडकूला फोन लावला.

"लडकू, अशोकाचं बी मी नेलं."

"रुजलं?"

"चार जगलीत."

"चोरून नेलंस बाय, आता चोरून आनू नको. पुढच्या पावसात भर दिवसा आन. सगल्या गावादेखत राईत लाव."

"गाव मना उभी ठेवील काय?"

"शिव्या घालील. देवाला मी गाऱ्हानं घालीन, गावाला तू सांग. झाड निम्मं वाललंय."

फोन ठेवून रंगूबाई पुन्हा रोपांजवळ येऊन बसल्या. आता ही चार मेली तर देवाला आणि गावाला, दोघांना सांगावं लागणार. अशोकाची कोवळी पालवी तांबूस असते, मेल्यासारखी खाली लोंबते. तो तिचा स्वभावच आहे. रंगूबाईंना ते ठाऊक आहे. तरी त्या प्रत्येक पान बोटाने उचलून बघतात.

रोपांना पाणी दिवसातून एकदाच, बेताचं, बुडाशी. चाळीच्या नळाला उद्या पाणी सकाळी साडेसहाला येईल आणि पाऊण तास राहील; त्यातला एक तांब्या या चार रोपांचा.