एक बुडबुडा

"चालेल रे, एवढं चालतं," असं कुणी म्हटलं की नानू फिटर हातातला पाना खाली ठेवायचा आणि विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत बोलणं बंद! घोडपदेवला आमच्या चाळीसमोरच त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी रे रोडवरून लाकूड वाहणारी लॉरी चालवायचो, त्यामुळे या विड्या सगळ्यांत जास्त माझ्याच वाट्याला आल्या. नानू मूळचा बेळगावकडचा. अंगानं बुटका, पण आवाज गिरणीच्या भोंग्याला भारी. "चालतं ते बैलगाडीला," तो म्हणायचा. "लॉरीला थांबता आलं पाहिजे."

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. नानूचा धाकटा भाऊ गोळीबारात गेला होता. त्यावर तो कधी बोलत नसे, पण एकही मोर्चा चुकवत नसे.

एका रविवारी दादरला सभा होती. चाळीतल्या बायकांना माझ्या लॉरीतून न्यायचं ठरलं, आणि नेमका आदल्या दिवशी मागच्या चाकाचा ब्रेक गळायला लागला. नानूनं व्हील सिलिंडर बदलला. रविवारी निघायच्या वेळी राहिलं ते फक्त ब्रेकच्या नळीतली हवा काढणं. एकानं केबिनमध्ये बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करायचं. नळीतून बाटलीत तेल येतं, सोबत हवेचे बुडबुडे. निपल आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर आट्यांतून हवा उलटी आत शिरते. आत हवा राहिली की पेडल नुसतं दबतं, ब्रेक लागत नाही. "एक बुडबुडा राहिला तरी काम राहिलं," हे नानूचं पालुपद.

बायका तर कधीच चढून बसल्या होत्या. उशीर होतोय म्हणून आमच्या चाळ कमिटीचे तावडे स्वतःच ब्रेकवर बसले. भला माणूस, पण घोषणेचं भारी वेड! खिडकीतून डोकं काढून ओरडले, "संयुक्त महाराष्ट्र..." मागून बायका गरजल्या, "झालाच पाहिजे!" आणि त्या जोशात तावड्यांचा पाय सुटला. खाली निपल उघडंच.

"पाय! पाय कुणी उचलला?" नानू चाकाखालून ओरडला.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा घोषणा, पुन्हा पाय वर! तिसऱ्यांदा तेच झाल्यावर तावडेच उलटे वैतागले. "पुरे झालं. लागतोय थोडाफार ब्रेक. दत्तू, काढ गाडी." माझंही डोकं तापलं होतं. म्हटलं, "नानू, हो बाजूला. हळू नेतो मी. चालेल तेवढं."

नानूनं पाना खाली ठेवला. विडी मात्र पेटवली नाही. पुढच्या चाकासमोर जाऊन मांडी ठोकून बसला. "ने. माझ्या अंगावरून ने."

"चळवळीशी गद्दारी आहे ही!" तावडे कडाडले.

"गोळीला माझा भाऊ दिलाय, तावडे. हवेला या बाया देणार नाही. सरकारपुढं उठलो नाही, तुमच्यापुढं उठतोय होय?"

तेवढ्यात आमच्या मजल्यावरची पार्वतीकाकी, अख्ख्या चाळीत तोंडाची खमकी, लॉरीवरून खाली उतरली. "सरा ओ तावड्यानू. मी दाबतंय. आणि तोंड उघडूचंय नाय!"

नऊवारी खोचून ती केबिनमध्ये चढली आणि ओठ गच्च मिटून बसली. खालून नानूचा आवाज, "धर... धर... हां, सोड." बाटलीत नुसतं तेल यायला लागलं, पेडल पायाला दगडासारखं लागलं, तेव्हा कुठे नानूनं गाडी सोडली.

लालबागला एक हातगाडी अचानक आडवी आली. मी ब्रेक मारला. लॉरी जागच्या जागी उभी! बायका एकमेकींवर पडल्या आणि हसत सुटल्या. माझ्या शेजारी तावडे नुसते घाम पुसत होते. सभा निम्मी आटोपली होती, पण आम्ही सगळे धड पोचलो.

पुढे महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. चाळीत दिवे लागले, लेझीम खेळले. तावडे पेढा घेऊन मुद्दाम गॅरेजात आले. "घे रे वाघा! झाला की नाही महाराष्ट्र?"

नानूनं पेढा हातात घेतला. "आणि बेळगाव?"

तावडे चाचरले. "येईल रे. तूर्तास चालेल एवढं."

नानूनं पेढा पान्याशेजारी ठेवला आणि विडी पेटवली.

त्यानंतर बरीच वर्षं जगला तो. दर एक मेला तावडे पेढा घेऊन जायचे आणि नानू दर वर्षी तेच विचारायचा. गेला तोही पेढा न खाताच. बरं केलंस, नानू. बेळगाव अजून तिकडंच आहे.