वांगं भाजेपर्यंतचा प्रोग्राम

आता आमच्या टीमचं ट्रेनिंग व्हिडिओवर चालतं. पोरं ते दुप्पट वेगात लावतात, शिकवणारा चिमणीसारखा चिवचिवतो आणि शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट मिळतं. मला मात्र अशा वेळी धुराचा वास येतो.

जळगावात टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. मालक चाळीसगावचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. नव्या माणसाला शिकवायची त्यांची रीत अशी: हिवाळ्यात दर शनिवारी शेतावर भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगं ठेवायचं आणि आठवड्यात लिहिलेला प्रोग्राम सगळ्यांना तोंडी समजावायचा. वांगं भाजून व्हायच्या आत समजला, तर प्रोग्राम चांगला. नाहीतर सोमवारी पुन्हा लिहा. आणि वांगी तरी केवढी! एकेक माझ्या मॉनिटरपेक्षा मोठं.

माझ्याकडे रावेरच्या केळी पॅकिंगवाल्याचं काम होतं: कोणता ट्रक आधी भरायचा, ते ठरवणारा प्रोग्राम. मी त्यात सगळं जग कोंबलं. पाऊस आला तर, ड्रायव्हर झोपला तर, सातपुड्यातून वाघ उतरला तर. मी बोलत राहिलो. काड्या संपल्या, शेजारच्या शेतातून आणल्या, त्याही संपल्या.

"भाऊ, याच्या वांग्याचं आता काजळच करा," धुळ्याची ताई म्हणाली. ती आमचा कोड तपासायची आणि आम्हालाही.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "दादा, तुझं ट्रेनिंग पुढच्या शनिवारी संपतं. तेव्हाही असंच झालं, तर नारळ देईन."

तिकडे वडिलांनी नोकरीचे पेढे अख्ख्या शिंदखेड्यात वाटलेले. परत गेलो असतो, तर माझा सत्कार एस.टी. स्टँडवरच झाला असता.

आठवडाभर मी नुसतं खोडलं. पाऊस गेला, ड्रायव्हर गेला. वाघ काढताना तर जीव तुटला.

शनिवारी वांगं काड्यांवर ठेवलं आणि म्हणालो, "आधी आलेली गाडी आधी भरायची. पण केळी कापून जास्त वेळ झाला असेल, तर तो माल पुढे काढायचा. बस."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एवढ्या थोडक्यात मी कधी नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

"समजनं का?" भाऊंनी विचारलं.

"बठ्ठं समजनं, अगदी सगळं," ताई म्हणाली. "पण भाऊ, वांगं कच्चंच शे. आता खायचं काय?"

भाऊ काड्या सारत बसले. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सोमवारी लवकर ये. दोन नवी पोरं येताहेत, त्यांना तू शिकवायचं."

त्या दिवशी भरीत पार उन्हं कलल्यावर मिळालं. मी एकट्याने सात भाकरी खाल्ल्या. ताई अकरा सांगते.