बघितल्याबिगर न्हाय

दगडूतात्यांच्या दारात उभं राहून "तात्या, आहात का?" असं विचारलं, की आतून ठरलेलं उत्तर यायचं, "म्होरं या, तोंड दावा." आवाज ओळखला तरी हेच. बारामतीजवळच्या जळोचीत आमची भिंतीला भिंत. मी दिवसातून चारदा त्यांच्याकडे जायचे, तरी उजेडात तोंड दाखवल्याशिवाय मलाही आत प्रवेश नव्हता. कधी कधी अस्सा राग यायचा!

ही खोड कारखान्यातली. इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात तात्या टाइमकीपर होते. माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्यांनी कधी कुणाची हजेरी लावली नाही. एकदा सख्खा मेहुणा उशीर झाला म्हणून गेटवरून नुसती हाक मारून आत पळाला. तात्यांनी त्याचा खाडा मांडला. मेहुण्याने घरी येणं सोडलं. हिराकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, भावासाठी भांडल्या, रडल्या. तात्यांचं एकच, "बघितल्याबिगर मी बोलत न्हाय. लिवत तर न्हायच न्हाय."

नव्वद सालानंतर हा मानी माणूस स्वतःच्याच वाक्यात अडकला. एकुलता एक मुलगा मिलिंद अमेरिकेत इंजिनिअर. त्याची तिथली कागदपत्रं रखडलेली, त्यामुळे त्याला देश सोडता येईना. तिकडेच त्याला मुलगी झाली, सुजाता. इकडे साखरेच्या आजाराने काकूंची नजर चाललेली. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे तेवढी नजर काही महिनेच टिकेल. म्हणून मिलिंदने लेकीची व्हिडिओ कॅसेट पाठवली. आजीने नात डोळे असेतो बघावी, एवढ्यासाठी.

कॅसेट आलीच नाही. आली ती कस्टम्सची नोटीस. चित्रित कॅसेट अडकवून ठेवली आहे. तिच्यात काय आहे ते लिहा, आक्षेपार्ह काही नाही अशी सही करा आणि घेऊन जा.

मी म्हटलं, दोन ओळींचं काम! कागद पुढे केला. तात्यांनी हात पाठीमागे घेतले.

"आत काय हाय ते मला काय ठावं, बाई?"

"अहो, तुमची नात आहे!"

"मिलिंद म्हनतो, नात हाय. मी कुठं बघितलीया? त्यांनी फोडून दावावं, मंग लिवतो."

त्यांनी हेच पत्राने कळवलं. उत्तरात पुन्हा तीच नोटीस आली. सही केल्याशिवाय कॅसेट नाही आणि कॅसेट बघितल्याशिवाय सही नाही. मधल्या दिवसांत काकू ताट तोंडाजवळ आणून भात आहे की भाकरी ते बघू लागल्या. नवऱ्याला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. पोस्टमनची सायकल वाजली की तेवढं विचारायच्या, "आली का?" मीच तात्यांशी बोलणं टाकलं. एकदा मात्र ते आपणहून म्हणाले, "दोन्हीकडनं कडी लागल्यागत झालंय बघा."

शेवटी मी त्यांना मुंबईला, कस्टम्सच्या कचेरीत नेलं. खिडकीमागचा अधिकारी चांगला माणूस होता. "आजोबा, घरगुती चित्रण एवढंच लिहा."

"सायेब, तुमी लावा. दोगं बी बघू."

"बघायचं मशीन बंद आहे. सही नसेल तर कॅसेट परत जाईल."

तात्या बाकावर जाऊन बसले. मग म्हणाले, "बाई, सकाळी हिराला चहाचा कप घावला न्हाय. म्होरंच हुता." उठले, खिडकीशी गेले आणि सही करून कागद आत सरकवला. "पहिली खोटी हजेरी," ते अधिकाऱ्याला म्हणाले. त्याला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाड्याचा व्हीसीआर आणून तात्यांच्या जुन्या टीव्हीला जोडला. काकूंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. टेप सुरू झाली. मिलिंदचा आवाज आला, "सुजाता, आजीला टाटा कर." एक बारीकसं हसू आलं. चित्र मात्र खालून वर नुसतं धावत होतं, पट्ट्याच पट्ट्या. अमेरिकेची टेप आपल्या टीव्हीवर धरत नाही, हे दुकानदाराने मला नंतर सांगितलं.

काकूंनी तात्यांचं मनगट धरलं. "कशी हाय वो? कुणावानी?"

तात्या पट्ट्यांकडे बघत राहिले. आता हा माणूस "दिसत न्हाय" म्हणणार, म्हणून मी डोळे मिटले.

"सावळी हाय, आपल्यावानी," तात्या म्हणाले. "कपाळ तुजं. हसली की गालाला खळी पडतीया. आता चालाया लागली बघ... पडली... उठली गं, उठली!"

काकू हसता हसता रडू लागल्या. "दुसऱ्या कुणी सांगितलं आसतं तर मी इस्वास ठिवला नसता. तुमी बघितल्याबिगर बोलत न्हाय."

"व्हय," तात्या म्हणाले.

पुण्यात अशी टेप आपल्या टीव्हीवर दिसेल अशी करून मिळते, असं मी पुढे त्यांना सुचवलं. ते म्हणाले, "आता नगं. हिराला दावली तीच खरी."

त्या दुपारनंतर मी दारातून हाक मारली, की आतून तात्या एवढंच म्हणायचे, "या, बाई."