उतरवलेला तक्ता

"अरे, हा तर नुसती भिंत वाचतोय," मास्तर म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झालेली. मी ठाण्यात चौथीत. शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आलेले. डावा डोळा पुठ्ठ्याने झाकून उजव्याने भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायची. माझ्या उजव्या डोळ्यापुढे जन्मापासून धुकं. नापास होईल त्याचं नाव शाळेतून काढणार, अशी आवई उठलेली. मग मी अक्कल चालवली. पुढच्या पोरांचं ऐकून तक्ता पाठ केला. पाळी आल्यावर घडाघडा म्हटला, तोही ऐटीत.

"छान," डॉक्टर म्हणाले, "पण तुझा डोळा झाकल्यावर तक्ता मी उतरवायला लावला, बाळ."

"या लोकांचं असंच," मास्तर म्हणाले. "बाजारात लबाडी, शाळेतही लबाडी."

आम्ही कोपरीचे कोळी. वास येतो म्हणून मास्तरांनी पहिलीपासून मला शेवटच्या बाकावर बसवलेलं. तिथून फळा डाव्या डोळ्यालाही धड दिसेना. चुकलं की छडी. पहिलीत असताना एकदा आई मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून सांगायला आलेली.

"मास्तर, याला एका डोल्यानं दिसत नाय."

"तू मासळी बघ. डोळे मी बघतो."

डॉक्टरांनी मला सामानाच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन डोळ्यात दिवा धरला. बराच वेळ पाहिलं. बाहेर येऊन मास्तरांना म्हणाले, "डोळ्याच्या पडद्यावर पांढरा पट्टा आहे. तिथल्या मज्जातंतूंवर नको ते आवरण आलंय. जन्माचंच. ढोंग नाही." मग आवाज खाली आणून, "पहिलीत कळलं असतं तर चांगला डोळा बांधून याला बघायला शिकवता आलं असतं. आता उशीर झाला. निदान पुढे बसवा."

"पुढे? मुलं नाकं धरतील."

मी दप्तर उचललं आणि सवयीने मागेच निघालो. इतका बावळट. चार पावलं गेल्यावर दाराबाहेरची ती पाटी आठवली. पहिलीत आलेली आई. पहिलीतच सांगून गेलेली.

वळलो. पहिल्या बाकावर बसलो. शेजारचा सरकला.

"ऊठ," मास्तर म्हणाले.

"नाही."

छडी बसली. दुसरी बसली. हात बाकावरच ठेवला.

उजवा डोळा गेला तो गेलाच. पण न दिसणारं दिसतं असं त्यानंतर कधी म्हटलं नाही. आणि जिथून दिसतं तिथून उठलो नाही. उठणारही नाही.