हळदीची बाटली हलवायची नसते

"हलवू नको हां!"

आमच्या प्रयोगशाळेत नवा माणूस आला की ताईंकडून त्याला पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळे, नाव विचारायच्याही आधी. मग त्या त्याच्या हातातली बाटली दोन बोटांनी अलगद काढून घेत, काळ्या फळीसमोर धरत आणि दिव्याखाली इतका वेळ बघत की आपल्याला वाटावं, बाईंचा डोळा लागला. शेवटी पुटपुटत, "हलवली की ती खोटं बोलते."

भाईंदर पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. तिथे आम्ही हळदीच्या अर्काचं इंजेक्शन करत होतो. हळद पाण्यात विरघळत नाही, हे तुमच्या स्वयंपाकघरालाही ठाऊक आहे. म्हणून तो अर्क तेलात उतरवायचा आणि यंत्राच्या दाबाखाली त्या तेलाचे इतके बारीक थेंब करायचे, की ते पाण्यात मिसळून राहावेत आणि शिरेतून बिनधोक जावेत. थेंब पुन्हा एकमेकांना चिकटले तर संपलं. मोठा थेंब रक्तवाहिनी तुंबवतो, जीवावर बेततं.

ताई रत्नागिरीहून लग्न होऊन शेजारच्या नवघरला आल्या, इथे बाटल्या धुवायला लागल्या आणि बघता बघता तपासनीस झाल्या. त्यांचा एप्रन कायम पिवळा. "माझी लग्नाची हळद काय उतरत नाय गं," असं म्हणून स्वतःच हसत.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. तेल वेगळं होतं का हे बघायला तीन महिने ठेवलेली बॅच सोमवारी सशांवरच्या चाचणीसाठी जायची होती. थेंबांची मापं उत्तम आली होती, प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खुशीत होते. फक्त ताईंची सही बाकी होती. त्यांनी कपाटातली, कुणीही हात न लावलेली बाटली पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

"गळ्याशी तेलाची कड आलीय. मी सही नाही करणार."

"अहो ताई, मशीन का रीडिंग देखो ना!" सर वैतागले. "पुन्हा केलं तर अजून तीन महिने. तेव्हा तुम्ही इथे नसणार. दवा झालेली बघायची नाही का तुम्हाला?"

"बघायचीय ना, सर. कधीपासून बघायचीय." त्यांनी पेन सरांपुढे सरकवलं. "पण सही नाय."

 मापं मी घेतली होती. आणि घाईघाईत, घरी खोकल्याचं औषध हलवतो तशी त्याच बॅचची दुसरी बाटली खळखळून हलवून. वर आलेलं तेल त्यात मिसळून गेलं होतं.

"सर, मी हलवली होती," मी म्हटलं.

सर तडक केबिनमध्ये गेले. आता ताई मला सोलून काढणार, अशी माझी खात्री. त्या एवढंच म्हणाल्या, "बोललीस ते बरं केलंस. चल, तेल तापव."

नव्या बॅचला त्यांनी यंत्रातून दोन फेऱ्या जास्त द्यायला लावल्या. ती कपाटात मुरत असतानाच त्या निवृत्त झाल्या. अशा बाईच्या हाताखाली शिकले, याचा मला माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे, आणि तो मी कुठेही बोलून दाखवते.

तीन महिन्यांनी बाटली पाहिली. कड नव्हती. बॅच चाचणीला रवाना झाली आणि मी ताईंना फोन लावला.

"ताई, बाटली साफ आहे. आत्ताच पाठवली."

 पलीकडून फोन कुठेतरी ठेवल्याचा, दार उघडल्याचा आवाज आला, आणि समोरच्या शेजारणीला मारलेली हाक.

"भाभी, सुनो ना! हल्दी का इंजेक्शन बन गया! मैंने बनाया है, मैंने!"

इतक्या वर्षांत ताई प्रत्येक गोष्टीला 'कंपनीचं' म्हणत आल्या होत्या. 'मी केलं' असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. फोनवर मी आहे हे त्या साफ विसरल्या होत्या. मी काही फोन ठेवला नाही.