राखेपाशी बसलेला श्री

माझा नवरा चार माणसांच्या डोळ्यांदेखत गेला, आणि कोणालाच कळलं नाही.

आज वर्ष झालं.

श्री गवताचा शास्त्रज्ञ. मी लखनौत, मानक नगरला रेल्वेत. साताऱ्याहून आलो ते इथलेच झालो.

रिटायर झाल्यावर लोक गावी बंगला बांधतात. याने तराईतल्या, हिमालयाच्या पायथ्याच्या, एका अभयारण्याच्या कडेची गावं धरली. तिथलं गवत माणसाच्या वर जातं, आणि उन्हाळ्यात एका काडीने पेटतं.

तालुक्याला बंब एकच, तोही लांब. म्हणून याने गावातलीच माणसं जमवून आग विझवणारी टोळी उभी केली.

थंडी सरली की सगळ्यांनी मिळून गाव आणि जंगल यांच्यामधला गवताचा पट्टा कापायचा, मग वारा बघून जाळायचा. आपल्याकडे जाळरेषा म्हणतात, इकडे फायर लाइन. खायलाच काही उरलं नाही की आग तिथेच थांबते.

पाठीवरचे पंप मिळावेत म्हणून याने ऑफिसांचे उंबरे झिजवले. माझ्या सहकाऱ्यांकडून जुने सेफ्टी बूट मागून न्यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अरे, सेंड-ऑफ पार्टीत कोणी बूट मागतं का?"

"मग कधी मागू? आता त्यांना लागणार आहेत का ते?"

घरी यायचा तो धुराचा वास घेऊन. लेक दारातच अडवायची, "पापा, पहले नहा लो यार!"

टोळीला त्याचा एकच नियम. राख हाताला गार लागल्याशिवाय घरी जायचं नाही. आत धग राहिली तर वाऱ्याने पुन्हा पेट घेते.

राखेपाशी तो स्वतः बसायचा, एकटा. त्या वेळी कोणी बोललेलं त्याला खपत नसे. खेकसायचाच.

गेल्या वर्षी कोणीतरी शेतातली गव्हाची धसकटं पेटवली. पछुआ सुटला होता, इकडचा पश्चिमेचा कोरडा वारा. आग थेट गवताकडे निघाली.

टोळीने ती फायर लाइनवर अडवली. बंब पोचायच्या आत. एकही बारशिंगा भाजला नाही.

सगळे ट्रॅक्टरपाशी पाणी प्यायला गेले. श्री झाडाला टेकून राखेपाशी बसला.

मी फोन लावला. त्याने उचलला नाही. मग टोळीच्या रामसजीवनला लावला.

"साहब राख देख रहे हैं, भाभीजी. अभी छेड़ेंगे तो डाँट पड़ेगी."

मी हसले. म्हटलं, "हाँ, मत छेड़ो."

हार्ट अटॅक होता. राखेवर हात तसाच होता म्हणे.

तेराव्याला रामसजीवन आला. जेवला नाही. दारातच उकिडवा बसून रडत होता. "हम दस कदम पर थे, भाभीजी. हमने सोचा, देख रहे हैं."

श्रीसोबत सगळा संसार केलेली मी. मीही तेच समजले असते. मीही तेच समजले होते.

जाताना म्हणाला, "अब टोली नहीं बनेगी."

तेव्हा मात्र मी भडकले. "साहब गए हैं भैया, घास नहीं गई! वो तो फिर उगेगी!"

तो तसाच निघून गेला. नंतर फोन नाही, काही नाही. मला वाटलं, संपलं. श्रीसोबत त्याचं कामही गेलं. माणूस गेल्यावर निदान तेवढं तरी उरावं असं वाटत होतं. रात्र रात्र रडले मी त्यासाठी.

या फाल्गुनात राहवेना. गाडी काढली आणि गेले.

लांबूनच धूर दिसला. पट्टा कापून झाला होता आणि टोळी तो जाळत होती. नीट, वाऱ्याच्या उलट बाजूने.

मी उसाच्या कडेला उभी राहून बघत राहिले. आग विझली. माणसं ट्रॅक्टरकडे वळली.

दोघं मागे राहिले. राखेपाशी शेजारी शेजारी बसले. आणि चक्क गप्पा मारत होते.

रामसजीवनने मला पाहिलं. जवळ आला. मी काही विचारायच्या आत खाली बघत म्हणाला,

"अब राख पर दो जने बैठते हैं, भाभीजी. और बोलते रहते हैं."

श्री, ऐकलंस?

तुझा नियम त्यांनी बदलला. तू असतास तर खेकसला असतास.

श्रद्धांजली तुम्ही सगळे खाली लिहा. माझ्याच्याने तो शब्द अजून लिहवत नाही.

श्री, जा आता. सुखाने जा रे.